पैलवान, नवरी आणि एक दशांश

१२ फेब्रुवारी

ताई,

पत्र घरी न पाठवता तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय म्हणून घाबरू नकोस. घरी पाठवलं असतं तर दाजींनी पाकीट आधी उजेडात धरून बघितलं असतं. आणि फोनवर तू बोलतेस तेव्हा ते शेजारीच पेपर घेऊन बसतात आणि पान उलटायचं विसरतात. मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

तुला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही आणि त्याचा तुला अभिमानही आहे, तेव्हा सोपं करून सांगतो. आमच्या मासिकाच्या या अंकात दोन एसयूव्हींची तुलना आलीय. एक डिझेलवाली, रुंद छातीची; तिला आम्ही पैलवान म्हणतो. दुसरी पेट्रोलवाली, पांढरीशुभ्र, पुढे सगळं चकचकीत, ती नवरी. आतली जागा, सीट, सामानाचा कप्पा यांवर मी रक्त आटवून लिहिलेली पानं लोक भराभर उलटतात आणि थेट एका कोष्टकावर येतात: उभी गाडी शंभरच्या वेगाला किती सेकंदांत पोचते. पैलवान दहा पूर्णांक चार. नवरी दहा पूर्णांक तीन. या एका दशांशावर आम्ही मुखपृष्ठावर 'नवरी पुढे!' असं ठळक छापून मोकळे झालो.

आता पैलवान बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलंय. त्यांनी दोन्ही गाड्या स्वतःच्या मैदानावर एकाच दिवशी पळवल्या, आणि दरवेळी दोघी बरोबरीत आल्या. संपादकबाईंनी मला बोलावून माझी चांगलीच हजेरी घेतली. ताई, गाडी मी चालवली, पण आकडे दाजींनी घेतले. वेग मोजायची ती डबी त्यांच्या मांडीवर असते. वाचतात ते, लिहितात ते. तुझा नवरा जन्मभर विमानात माल किती चढवायचा आणि कुठे ठेवायचा याचा हिशोब करत आला. विमानतळ बंद पडला, रिकाम्या धावपट्टीवर आमच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा मीच त्यांना शेजारच्या सीटवर आणून बसवलं. आजवर त्यांचा एक आकडा चुकलेला नाही. पण जानेवारीत, नवरीच्या वेळी, ते गप्प गप्प होते. एकदा तर डबी हातातून सुटली.

वय झालं का गं? चष्म्याचा नंबर वाढलाय का? मला त्यांना विचारायची छाती होत नाही. तू जरा अंदाज घे.

तुझा
बंड्या


१७ फेब्रुवारी

बंड्या,

वय झालं का म्हणे! तुझ्या टकलाकडे बघून कोणी तुला असं विचारलं का कधी?

हे अगदी ठणठणीत आहेत. सकाळी फिरून येतात, दोन वेळा नीट जेवतात, पेपरातलं कोडं माझ्या आधी सोडवून पेन माझ्यासमोर आपटतात. चष्मा मागच्याच वर्षी नवा केलाय. जानेवारीत गप्प होते कारण थंडी होती. कोटाच्या आत दोन दोन स्वेटर घालून बसलेल्या माणसानं किती बडबड करावी? आणि डबी सुटली असेल. माझ्या हातून रोज पुस्तकं सुटतात, मला कोणी घरी बसवलं नाही.

एका दशांशावर मुखपृष्ठ रंगवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तेवढ्या वेळात माणसाची पापणीसुद्धा धड मिटत नाही. चूक झाली असेल तर ती ह्यांची नाही, एवढं मी डोळे झाकून सांगते.

पण तुला चैन पडणार नाही, हे मी ओळखून आहे. तुम्ही तिथे नक्की काय काय करता ते मला एकदा सविस्तर लिही, म्हणजे मी आडून आडून काढून घेईन. आणि मार्चअखेरची चाचणी ठरल्याप्रमाणे होणार ना? ह्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून ठेवलाय आणि येता-जाता त्याच्याकडे बघतात.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

टकलाचा उल्लेख न करताही पत्र लिहिता येतं, हे तुझ्या कधी लक्षात येणार?

बरं, ऐक. एरवी आम्ही दोन्ही गाड्या एकाच सकाळी पळवतो. या वेळी नवरी कंपनीकडून उशिरा मिळाली, म्हणून पैलवान ऑक्टोबरात झाली आणि नवरी जानेवारीत. बाकी सगळं सारखं. टाकी अर्धी. टायरमधली हवा कंपनी सांगते तेवढी, तीही टायर थंड असताना बघितलेली. एसी बंद, काचा वर. धावपट्टीवर एकदा पूर्वेकडे पळायचं, एकदा पश्चिमेकडे, आणि दोन्हींची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा नि उताराचा फरक निघून जातो. दोन्ही महिन्यांच्या हवेतला फरकही दाजींनी गणितात धरलाय. गाडीत माणसं दोनच, मी आणि दाजी, कारण माणसांचं वजनही गाडीलाच ओढावं लागतं. आमचं मिळून एकशे साठ किलो, असं कोष्टकाखाली बारीक अक्षरात छापतो. वर्षातून एकदा, जूनमध्ये, गोदामातल्या काट्यावर दोघं उभे राहतो. माझं पाव किलो वाढलं तरी दाजी वर्षभर टोमणे मारतात. त्यांचा काटा मात्र कायम ऐंशीवर, जागचा हलत नाही.

हे सगळं मी पुन्हा तपासलं. कुठेच पाणी मुरत नाही. मग उरलं काय? आकडा घेणारा माणूस.

ताई, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. संपादकबाईंचं म्हणणं असं, की आता ती डबी काचेवर चिकटवली की स्वतःच सगळं नोंदवते, शेजारी माणूस लागतच नाही. मार्चची चाचणी मी एकट्यानं करावी. दाजींना काढलं असं कोणी म्हणायला नको. त्यांनी आपणहून 'पुरे आता' म्हटलं तर त्यांचा मान राहील. ते तुझंच ऐकतात. तू बोलून बघ ना.

बंड्या


२७ फेब्रुवारी

बंड्या,

तुझं पत्र मी वाचनालयाचं दार आतून लावून वाचलं. 'माणसांचं वजनही गाडीलाच ओढावं लागतं' या ओळीपाशी आले आणि तीच ओळ तीनदा वाचली.

मी तुला खोटं लिहिलं. हे ठणठणीत नाहीत. नोव्हेंबरपासून अन्न जात नाही. दोन घास खाल्ले की ताट सरकवतात. त्यांची पॅन्ट मी दोनदा कमरेत आत घेतली, पट्ट्याला नवी भोकं पाडली. ते दोन स्वेटर थंडीसाठी नव्हते, अंग भरलेलं दिसावं म्हणून होते. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी जानेवारीच्या सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून सांगितलं, उशीर करू नका म्हणून बजावलं. आणि हे आपले आधी 'नवरीची चाचणी झाली की' म्हणाले, आता 'मार्चची झाली की लगेच' म्हणतात. एकदा इस्पितळात गेलो की परत त्या सीटवर आपल्याला कोणी बसवणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलंय. तुला कळता कामा नये अशी मला शपथ घातली होती. आज मी ती मोडतेय.

आकडा चुकलेला नाही, बंड्या. दहा पूर्णांक तीन अगदी खरं आहे. परवा डॉक्टरांच्या काट्यावर हे एकसष्ट भरले. तुमचं एकशे साठ कुठे राहिलं? तुझी ती नवरी जिंकली, ती माझ्या नवऱ्याच्या अंगावरचं मांस गेलं म्हणून जिंकली. मला गाड्यांमधलं काही कळत नसलं तरी एवढं कळलं.

'पुरे आता' म्हणायला मी त्यांना सांगणार नाही. माझ्या तोंडून ते शब्द निघणार नाहीत. पण मार्चअखेरपर्यंत थांबायलाही वेळ नाही. त्यांना लवकरात लवकर इस्पितळात न्यायला हवं, आणि ते माझ्याच्यानं होत नाहीये. माझं ऐकतात हा तुझा गैरसमज आहे. ते फक्त मोजमापाचं ऐकतात. तू काहीतरी कर.

ताई


२ मार्च

ताई,

काय लिहू? जानेवारीत मी अख्खी सकाळ त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मला स्वेटर दिसले. आणि तुझ्याकडे मी चष्म्याच्या नंबराची चौकशी करत होतो. तुझं पत्र आल्यापासून कार्यालयात कोणी हाक मारली तरी मला राग येतोय.

चाचणी मी अलीकडे ओढलीय. येत्या रविवारी दोन्ही गाड्या घेऊन येतो. पैलवान आमचा छायाचित्रकार आणेल. आज दाजींना फोन करून एवढंच म्हटलं, की तक्रार आलीय, दोन्ही गाड्या पुन्हा मोजायच्यात, तुमच्याशिवाय होणार नाही. त्यांनी कंपनीचा आकडा विचारून घेतला. मग म्हणाले, "वाळू लागेल." मी विचारलं, कशाला? म्हणाले, "तू ये तर खरा." त्यांना फोनवरच उमगलं, ताई. तू काही सांगितलंस हे मी बोललो नाही. बोलावंच लागलं नाही.

इस्पितळातली सोमवारची जागा मी इथून ठरवलीय. डॉक्टरांशी बोललोय. रविवार झाला की दाजींकडे सबब उरत नाही. तोवर त्यांना जमेल तेवढं खाऊ घाल, आणि तूही खा.

बंड्या


१० मार्च

ताई,

हे इस्पितळाच्या पत्त्यावर, तुझ्या नावानं. रविवारी तू कुंपणाशी थर्मास घेऊन उभी होतीस. गाडीत काय चाललं होतं ते तुला ऐकू आलं नसणार, आणि दाजी तर सांगणारच नाहीत.

वाळूच्या पिशव्या त्यांनी आधीच तोलून आणल्या होत्या. स्वतःच्या वजनात मिळवून बरोबर ऐंशी. त्या पायांपाशी ठेवल्या, पट्टा लावला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "विमानात एक पेटी इकडची तिकडे झाली तरी मला कळायचं रे. हवा मोजली, पेट्रोल मोजलं, वारा मोजला. मी तेवढा मोजायचा राहिलो." आणि हसले. मी गाडी सुरू केली.

पहिल्या धावेला मी पाय दाबला तशी पाठ सीटला चिकटली आणि ते कळवळले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी पाय उचलणार तोच ओरडले, "पाय काढलास तर याद राख! आकडा फुकट जाईल." डावा हात पोटावर, उजव्या हातात डबी, आणि वेग मोठ्यानं म्हणत होते, साठ, ऐंशी, शंभर, त्याच नेहमीच्या सपाट सुरात. परतीच्या धावेआधी मी म्हटलं, जरा दम खाऊ. तर म्हणाले, "तू दम खाशील, वारा खाणार नाही. चल." चारही धावा त्यांनी तशाच पुऱ्या केल्या. मला वाटतं, त्या सकाळी त्यांना दुखत होतं तेवढंच बरंही वाटत होतं. ते खोटं नव्हतं एवढं मी सांगू शकतो.

पैलवान दहा चार. नवरीही दहा चार. कंपनीचं बरोबर होतं.

उतरताना मी म्हटलं, पुढच्या अंकात 'तांत्रिक कारणामुळे' असं छापू. केवढे उखडले माझ्यावर! "त्यात तांत्रिक काय आहे? सहकाऱ्याचं वजन घटल्याचं लक्षात आलं नाही, असं स्वच्छ लिही. पैलवानवाल्यांनी काय पाप केलंय?" तसंच छापतोय, त्यांच्याच शब्दांत. संपादकबाईंनाही सगळं सांगितलं. दाजींशिवाय चाचणी करायचा विषय त्यांनी तिथेच सोडला.

गुरुवारच्या शस्त्रक्रियेत काय होतं ते कळव. मी शनिवारी येतोच आहे.

बंड्या


२४ मार्च

बंड्या,

तू आलास तेव्हा हे औषधाच्या गुंगीत होते, आणि व्हरांड्यात मी तुला अर्धंच सांगितलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काहीही न काढता परत शिवलं. सगळीकडे पसरलंय. मी त्यांना विचारलं, जानेवारीत आलो असतो तर? त्यांनी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाले, तेव्हा बहुतेक जमलं असतं. हे एकटीनं पोटात ठेवणं मला झेपत नाही म्हणून तुला लिहितेय. ह्यांना मी सांगितलेलं नाही. ह्यांनीही विचारलेलं नाही, आणि ज्या माणसाला सगळ्याचा आकडा लागतो तो विचारत नाही म्हणजे त्याला कळलंय.

इथे रोज सकाळी परिचारिका चाकांचा काटा ढकलत आणते. हे आकडा विचारून घेतात, पेपरच्या कोपऱ्यावर गणित मांडतात आणि मला सांगतात, "आज नवरी आणखी थोडी पळेल." पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन रडले. आता मीच सकाळी विचारते, आज किती? परिचारिकेला वाटतं आमच्या घरात कुणाचं तरी लग्न आहे. नवरी कशी आहे, म्हणून विचारत होती. हे म्हणाले, "देखणी आहे, पण पैलवानापेक्षा काही सरस नाही." ती बिचारी गोंधळून निघून गेली. आम्ही दोघं किती दिवसांनी हसलो, बंड्या. हसताना त्यांना टाके दुखले तरी हसत होते.

काल त्यांनी वेगळंच गणित मांडलं. शेजारची सीट रिकामी, वाळू नाही, तू एकटा. उत्तर आलं नऊ पूर्णांक नऊ. दहाच्या आत! असे खूश झाले की मला हात धरून उठवायला लावलं. म्हणाले, "या गटातली एकही गाडी अजून दहाच्या आत आलेली नाही. बंड्याला सांग, नियमात बसत नाही म्हणून छापता येणार नाही, पण येणार म्हणजे येणार." मी म्हटलं, तो शनिवारी येईल तेव्हा तुम्हीच सांगा. तर पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू आजच लिही."

म्हणून लिहिलं. शनिवारची वाट बघू नकोस. पत्र मिळेल तसा नीघ.

ताई


१४ एप्रिल

ताई,

दाजींना शेवटचं पोचवून परतलो तेव्हापासून तुला लिहायला बसतो आणि उठतो. तिथे खरं तर मी तुला धीर द्यायला हवा होता. तूच माझी पाठ थोपटत होतीस, आणि मी लहान पोरासारखा थोपटून घेत होतो.

नवा अंक सोबत पाठवलाय. दुरुस्ती त्यांच्या शब्दांत छापलीय, पान नववं, वर उजवीकडे. सहकारी कोण आणि त्याचं वजन का घटलं, असं एकाही वाचकानं विचारलं नाही. पैलवानच्या कंपनीनं आभाराचं पत्र पाठवलं.

परवा मी धावपट्टीवर गेलो होतो, तुला न सांगता. पुढच्या सोमवारी नवरी कंपनीला परत जायचीय. म्हटलं, त्याआधी त्यांचं नऊ पूर्णांक नऊ करून दाखवावं आणि मगच तुझ्या दारात उभं राहावं. टाकी अर्धी केली, हवा बघितली, डबी काचेवर चिकटवली. पूर्वेकडे पळालो, दहा पूर्णांक सहा. पश्चिमेकडे पळालो, दहा पूर्णांक सात. गाडी एवढी हलकी, आणि वेळ मात्र जास्त. वारा नव्हता. गाडीत काही बिघाड नाही. साठ, ऐंशी म्हणणारं कोणी नव्हतं, आणि माझा पायच पुरता दाबला जाईना. दुसऱ्या धावेला तर समोरचं धूसर झालं होतं.

तिथेच गाडी उभी करून बराच वेळ बसलो. शेजारी बघवत नव्हतं. दाजींचं गणित चुकलं असं मी जन्मात म्हणणार नाही. पण ते खरं करून दाखवणं माझ्याच्यानं होणार नाही, ताई. मला माफ कर. गाडी सोमवारी जाईल.

बंड्या


१७ एप्रिल

बंड्या,

माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन तू दार न वाजवता परत गेलास, त्याबद्दल तुला समोरासमोर बोलेन. ते पत्रात मावणार नाही.

अंक मिळाला. ती ओळ वाचली. छान आहे, स्वच्छ आहे. घर खायला उठतं म्हणून मी वाचनालयात लवकर जाते आणि उशिरा निघते. सकाळी जाग येते ती 'आज किती?' असं विचारायलाच. मग आठवतं.

डोळ्यांत पाणी आणून गाडी पळवलीस तर ती दहा सहाच येणार. त्यात ह्यांचा काय दोष? त्या रविवारी हे पोट धरून चार वेळा पळाले, आणि मी कुंपणाची तार धरून मनात म्हणत होते, आता पुरे, आता पुरे. पण अडवलं नाही. जानेवारीतही नाही. जगण्यापेक्षा त्यांना ते कोष्टक मोठं वाटलं, याचा मला इतका राग येतो की ते समोर असते तर मी भांडले असते. पण ते त्यांना मोठं वाटलं हे तर खरंच आहे. मग ज्याच्यासाठी माणूस गेला ते तरी पुरं झालं पाहिजे. त्यांचा शेवटचा आकडा चुकल्यासारखा पडून राहिलेला मला सहन होणार नाही.

गाडी सोमवारी जाणार ना? मग रविवारी सकाळी ये. आधी घरी ये. रडायचं असेल ते इथे रडून घेऊ, मीही रडेन. तोंड धुऊ आणि मग जाऊ. तू पाय खालपर्यंत दाब, दोन्हीकडे पळ, सरासरी काढ. मी कुंपणाजवळ असेन. एकट्यानं होत नाही, ताई तू शेजारी बस, असं मात्र अजिबात म्हणू नकोस. मी बसले तर वजन वाढेल, आणि ह्यांचं गणित चुकेल.

ताई